पायाखालचं भात

कार्तिक लागला की माझे पाय वळवळायला लागतात. वर्गात पानिपत शिकवताना मी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत इतक्या फेऱ्या घालते, की आठवीच्या मुली माना वळवून वळवून दमतात आणि शेवटी समोर बघत नुसत्या ऐकत बसतात. घरी नवरा म्हणतो, "बस गं जरा, तुझ्याकडे बघून मलाच धाप लागते." मी बसते. बसले की गुडघा हलायला लागतो, आणि टेबलावरच्या चहाच्या कपाला लाटा येतात. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, त्या मी इमानेइतबारे घेतल्या. वर्षभर पाय शहाण्यासारखे वागतात आणि दिवाळीचे आकाशकंदील उतरले की पुन्हा त्यांना भिंगरी लागते.

या दिवसांत नाशिकचा जीव द्राक्षांत अडकलेला असतो. आभाळात जरा काळं दिसलं की दिंडोरी-निफाडकडची माणसं वर बघत उभी राहतात. मीही बघते. माझ्याकडे बाग नाही, गुंठाभर जमीन नाही, चौथ्या मजल्यावर कुंड्यांत कढीपत्ता आणि गवती चहा आहे. तरी कार्तिकातला ढग बघितला की माझ्या हातातलं काम सुटतं. मुंबई नाक्यावर घोटीकडची जीप थांबते, तिच्यातून उतरणाऱ्या बायकांच्या पदरांना ताज्या पेंढ्याचा वास असतो. त्या वासाने मी एकदा रस्ता ओलांडायचा सोडून तशीच उभी राहिले होते, मागून रिक्षावाल्याने चांगली शिवी हासडली.

घोटीपासून दोन कोसांवर आमचं गाव. भाताचं गाव. शाळा तीन किलोमीटरवर, आणि ते अंतर मी कधी चालत गेले असेन असं मला आठवतच नाही. दप्तर पाठीला बांधायचं, चपला हातात घ्यायच्या आणि बांधाबांधाने सुटायचं. खाचरांच्या बांधावर पळताना पाऊल सरळ रेषेत पडावं लागतं, जरा चुकलं की गुडघाभर चिखलात. आमचे खेळाचे सर म्हणायचे, "हिला कुणी शिकवलं नाही, हिला बांधांनी शिकवलं." सातवीत असताना मी तालुक्याला पहिली आले. आठशे मीटर. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला, आईने त्यात मीठ भरून ठेवलं. आता नाशिकला जिल्ह्याची स्पर्धा होती, दिवाळीनंतरच्या एका रविवारी. मी तोवर नाशिक बघितलेलंही नव्हतं. सरांनी सांगितलं होतं, तिथलं मैदान इतकं मोठं असतं की एक चक्कर म्हणजे आपल्या गावाला वेढा. मी रोज झोपताना त्या मैदानाला एक चक्कर मारायचे.

त्या वर्षी सोंगणी, म्हणजे भाताची कापणी, उशिरा आली. स्पर्धेला नऊ दिवस उरले असताना बांधावर पेंढ्या उचलता उचलता मला कळलं, की मला न्हाण आलंय.

काय झालंय हे मला ठाऊक होतं. आदल्याच वर्षी शेजारच्या मुलीला मखरात बसवलं होतं. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, मध्ये चौरंगावर हिरव्या साडीत ती. सगळ्या आळीने तिची ओटी भरली, मी दोन लाडू खाल्ले. पुढच्या आठवड्यापासून ती शाळेत दिसली नाही. मला त्या लाडवांची चव आठवली आणि मी ठरवलं, कोणाला सांगायचं नाही. आईचं जुनं लुगडं फाडलं, घड्या घातल्या, गोठ्याच्या मागे धुतल्या, काट्यांच्या कुंपणावर पेंढ्याखाली वाळवल्या. रविवार होऊ दे, मग सांगू. बारा वर्षांच्या डोक्यात इतकाच बेत होता.

पण खळं होतं. बाजूला बसलेल्या बाईने खळ्यावर पाय ठेवायचा नाही, रास बाटते, हा आमच्याकडचा नियम. घरात हे नियम सांभाळायची आत्या. वडिलांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, आणि घरातला शब्द तिचा. वडील, म्हणजे नाना, तिच्यापुढे ब्र काढत नसत, मग आईची काय बिशाद. खळं सारवण्याआधी आत्या दारात उभी राहून प्रत्येक बाईला विचारायची, "कोनाचं काय हाय का?" मला तिने विचारलंच नाही. मी तिच्या लेखी पोर होते. उलट तीच म्हणाली, "तुझं पाय हलकं हायती. भात फिरव."

झोडलेलं भात खळ्यावर पसरायचं आणि वाळायला म्हणून दर तासाने त्यातून पाय ओढत चालायचं. दोन पावलांच्या दोन सऱ्या उमटत जातात, खालचं वर येतं, वरचं खाली जातं. ऊन लागलेलं भात तळपायाला कोमट आणि खरखरीत लागतं. सरळ सऱ्या ओढत मी ते अख्खं खळं दिवसातून सात-आठ वेळा फिरत होते. मनात धाकधूक होतीच, पण खोटं का बोलू, मजाही येत होती. वाटायचं, हे नाशिकचं मैदान.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला.

कार्तिकातला पाऊस. त्याला आमच्याकडे नावं ठेवायला शब्द पुरत नाहीत. ताडपत्री आणेपर्यंत, दोन टोकं धरेपर्यंत, वाऱ्याने ती आईच्या हातातून ओढून नेली. नाना भातावर पालथे पडले, अक्षरशः हातपाय पसरून, अंगाखाली मावेल तेवढं वाचवायला. मी गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होते. माझ्या सऱ्या भरत होत्या. दोन दिवसांनी भाताला पांढरे कोंब फुटले आणि सगळ्या घरात आंबूस वास पसरला. तो वास अजून माझ्या नाकात आहे. नाना जेवायला बसायचे आणि न जेवता उठायचे.

मी बुधवारी आईला सांगितलं. ती गोठ्यात शेण भरत होती. मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं. मला न्हाण आलं होतं आन् मी खळ्यावर चालले." आईचा हात पाटीतच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, खूप वेळ, मग म्हणाली, "जा, हातपाय धू." एवढंच. मला वाटलं होतं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

संध्याकाळपर्यंत आत्याला कळलं होतं. माझी पाळी तोवर केव्हाच थांबली होती, तरी आत्याने नियम म्हणजे नियम म्हणून मला गुरुवारपासून चार दिवस पडवीच्या कोपऱ्यात बसवलं. चौथ्या दिवशी न्हाण आणि मखर. दोष निघेल, ती म्हणाली. चौथा दिवस रविवार होता.

मला त्या सकाळचं सगळं आठवतं. चुलीवरच्या पाण्याचा धूर. आत्याने वाटीत तेल कोमट केलं, मला पाटावर बसवलं आणि रगडायला लागली. पोटऱ्यांवर आल्यावर तिचे हात थांबले. "वैनी, बघ गं," ती आईला म्हणाली, "दगड झाल्यात पोरीच्या पोटऱ्या. बाईमानसाचं पाय हाय का हे." आई पाणी ओतत राहिली. मग हिरवी साडी, मोठ्या माणसाची, कमरेला तीनदा दुमडलेली. डोक्यावर फुलं इतकी की मान एका बाजूला जात होती. बायका गाणी म्हणत होत्या. फाट्यावरून आठच्या एसटीचा हॉर्न ऐकू आला. त्या गाडीने मी नाशिकला जाणार होते. सर फाट्यावर उभे असतील, हात डोळ्यांवर धरून आमच्या वाटेकडे बघत असतील. निऱ्यांच्या आत माझे पाय हलायला लागले. आत्याने माझ्या गुडघ्यावर हात दाबला आणि गोड आवाजात म्हणाली, "शहाणी झालीस ना आता? मग गप बस."

मी बसले. दुपारी एक वाजेपर्यंत बसले. ओटीत नारळ पडत होते, मांडी अवघडली होती, आणि मी मनात आठशे मीटर मोजत होते. शाळा सुटली नाही माझी, तेवढं नानांनी ऐकलं. पळणं मात्र सुटलं. सोमवारी सर घरी आले तर नाना त्यांना म्हणाले, "आता मोठी झाली ती, सर." सर चहा पिऊन गेले.

मी शिकले, बी.एड. केलं, नाशिकला संसार थाटला. शाळेत दर वर्षी सातवीच्या मुलींना पाळीबद्दल सांगायचं काम माझ्याकडेच असतं, आणि मी ते छान करते. फळ्यावर आकृती काढते, लाजू नका म्हणते, बाटणं-बिटणं सगळं खोटं असतं म्हणते. मुली टाळ्या वाजवतात. आणि त्याच संध्याकाळी आभाळ भरून आलं की माझ्या मनात पहिला विचार येतो, मी काय केलं? हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. शिकलेल्या बाईची ही लाज वेगळीच असते, ती कुठल्या कोपऱ्यात बसून जात नाही.

या वर्षी सोंगणीच्या दिवसांत आई आमच्याकडे आहे. मोतीबिंदू काढलाय, महिनाभर गावाकडच्या धुळीत जायचं नाही. आत्या जाऊन पंधरा वर्षं झाली, नानाही गेले. आई दिवसभर काळा चष्मा लावून बसते आणि चष्म्यातून दिसत नाही म्हणून तांदूळ बोटांनी निवडते. आणि याच मंगळवारी माझ्या मुलीला, जुईला, पहिली पाळी आली. बारा वर्षांची आहे. शाळेच्या बाथरूममधून बाहेर आली, मैत्रिणीकडून पॅड घेतलं, उरलेले दोन तास बसली आणि घरी येऊन म्हणाली, "मम्मी, झालं सुरू. संडेला रेस आहे, चालेल ना?"

जुईही पळते. मी तिला कधी शिकवलं नाही, बांधही नव्हते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरुवात झाली आणि आता शाळेच्या टीममध्ये आहे. मी म्हटलं, "चालेल की, का नाही चालणार." आणि लगेच पुढे म्हटलं, "आजीला सांगू नको." ती माझ्याकडे बघत राहिली. पॅडचं पाकीट मी कपाटात साड्यांच्या मागे लपवलं. तीस वर्षांपूर्वी गोठ्यामागे वाळवलेल्या घड्या आणि हे पाकीट, माझे हात अगदी तसेच चोरासारखे चालत होते. आईने मखराचं नाव काढलं तर मी काय करणार होते, मला माहीत नव्हतं. भांडले असते बहुतेक. पण आईपुढे उभी राहिले की मी अजून गोठ्याच्या दारातच असते.

गुरुवारी मी मेथी निवडत होते, आई पलीकडे तांदळाचं ताट घेऊन. जुई मोबाईल घेऊन ओट्यावर चढून बसली.

"मम्मी, हे बघ ना. अमेरिकेत अपाचे म्हणून आदिवासी लोक आहेत. त्यांच्यात मुलीला पहिल्यांदा पाळी आली की मोठा सोहळा करतात. चार दिवस."

"चार दिवस बसवून ठेवतात?" मी विचारलं.

"बसवतात कुठे? नाचवतात. सकाळी सूर्याकडे तोंड करून, तासन् तास. आणि पळवतात. लांब एक काठी रोवतात, तिला वळसा घालून परत यायचं. असं चार वेळा. लहानपणासाठी एकदा, तरुणपणासाठी एकदा, मग मोठेपणासाठी, मग म्हातारपणासाठी. जेवढं पळेल तेवढं पुढे आयुष्यभर पुरतं म्हणे."

तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. माळरान होतं, आपल्या सिन्नरकडच्यासारखंच उघडं. एक मुलगी पळत होती, गालांवर पिवळी पूड, झालरीचा जाड पोशाख, घामाने केस कपाळाला चिकटलेले. तिच्या मागे बायका पळत होत्या, म्हाताऱ्यासुद्धा. मग तिला कातड्यावर पालथं झोपवून एक बाई तिचे पाय रगडत होती. जुई म्हणाली, ती बाई मुलीच्या घरचे निवडतात, चांगली, खंबीर बाई बघून. तिच्या हातांतून मुलीत बळ उतरतं. मला आत्याची तेलाची वाटी आठवली. हात तसेच, रगडणंही तेच, आणि बघा कुठल्या कुठे गेलं ते.

"आणि त्या चार दिवसांत तिच्यात पॉवर असते," जुई वाचत होती. "आजारी माणसं तिच्याकडे येतात. ती पाऊससुद्धा आणू शकते असं ते मानतात."

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. पलीकडे तांदळातून फिरणारी आईची बोटंही थांबली होती. ते मी बघितलं, पण तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

जुईने तिच्याकडे वळून सरळ सांगून टाकलं, "आजी, मला पण आलीय. मंगळवारी. मम्मीने सांगू नको म्हटलं होतं."

मी लाजेने लाल झाले. आई चष्म्याआडून कुठे बघत होती कळत नव्हतं. "व्हय का," ती म्हणाली. "पोटात दुखतं का गं?" जुई नाही म्हणाली. आई पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

शुक्रवारी आभाळ भरून आलं. मला कुठेच चैन पडेना. शाळेतून आले, दोरीवरचे कपडे काढले, वाळत घातले, पुन्हा काढले. शनिवारी दुपारी जुई सरावाला गेली होती. आई गॅलरीत खुर्चीवर, आणि मी दिवाणखान्यातून गॅलरीत, गॅलरीतून दिवाणखान्यात.

"बस गं," आई म्हणाली. "किती येरझाऱ्या घालशील. तुला वाटत आसंल, मी पोरीला मखरात बसवंन म्हनून."

मी कुंडीतल्या कढीपत्त्याची पिवळी पानं खुडायला लागले.

"त्या साली खळ्यावर मी बी व्हते."

"होतीसच की. सगळेच होतो."

"तसं नाय." तिने चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिली. "माझी बी पाळी व्हती."

मी उभीच राहिले.

"सोंगणीला मानसं नव्हती. चार दिवस बसले आसते तर झोडायचं कोनी? आत्यानं इचारलं, मी नाय म्हनले. मंग पाऊस आला. भाताला कोंब फुटलं तव्हा आत्यानं मलाच धरलं. म्हनली, वैनी, खरं सांग, कोनी बाटवलं. त्याच दिवशी तू गोठ्यात येऊन मला बोलली व्हतीस. मी तुझं नाव सांगितलं."

खाली कोणीतरी गाडी धूत होतं, पाइपच्या पाण्याचा आवाज येत होता.

"पोरीला कोन काय बोलंल? पोरीचं मखर करत्यात, वटी भरत्यात. मला घराबाहेर काढलं आसतं."

"रविवारी माझी स्पर्धा होती, आई."

"ठावं व्हतं."

मला राग आला. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नसेल. त्या घरात तिला उभं राहायला जागा किती होती, हे मला समजत होतं, आणि समजत असूनही राग येत होता. तिने मला पुढे केलं, स्वतः वाचली, आणि तीस वर्षं मला त्या भातात चालत ठेवलं. एका शब्दाने ती मला बाहेर काढू शकली असती. लग्नात, बाळंतपणात, नाना गेले तेव्हा, कितीतरी वेळा आम्ही दोघीच होतो.

"मग भात कशानं नासलं गं?" मी विचारलं. माझा आवाज बारा वर्षांच्या मुलीसारखा निघाला.

"पावसानं," आई म्हणाली. "दुसरं कशानं नासंल?"

मी चपला घालून खाली उतरले. सोसायटीला फेऱ्या मारायला लागले. पहिल्या फेरीत रडले, दुसरीत आईशी मनातल्या मनात भांडले, पुढच्या मोजल्या नाहीत. वॉचमनने विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, हो, बघतेय. वर दोन थेंब पडले, मी आभाळाकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मला वाटलं, हा नुसता पाऊस आहे. नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी त्याला हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. थेंब तेवढेच पडून थांबले.

दिवेलागणीला वर आले. दिवाणखान्यात आई सतरंजीवर बसली होती. शेजारी वाटीत तेल, आणि तिच्या मांडीवर जुईचे दोन्ही पाय. ती पोटरीपासून टाचेपर्यंत अंगठे दाबत नेत होती, आणि जुई गुदगुल्यांनी खिदळत होती.

"उद्या पळायचंय ना तिला," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "पाय मोकळं पाहिजे." मग जुईला म्हणाली, "दगड झाल्यात बघ पोटऱ्या. आसंच ठेव."

जुई उठली, तेलकट पावलं फरशीवर उमटवत आरशाकडे गेली. आई वाटी हातात घेऊन बसून राहिली.

"ये. तुझं बी दे."

आईच्या मांडीवर पाय ठेवायचे नसतात. आमच्याकडे चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात. मी उभी राहिले, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत. राग गेलेला नव्हता, तो अजूनही पूर्ण गेलेला नाही. पण ती हात पुढे करून बसली होती, आणि त्या हातांना दिसायला चष्मा लागत नव्हता. मी सतरंजीवर बसले आणि पाय पुढे केले.

तिने माझ्या पोटऱ्या दोन्ही हातांत धरल्या. बोटं इकडे तिकडे फिरली, तांदळात खडा शोधतात तशी.

"किती मऊ झाल्यात गं," ती म्हणाली, आणि रगडत राहिली.